विठोबाच्या नावाची मॅटाडोर

विठोबा कोयंडे मूर्ख होता, हे मी आधीच सांगून टाकतो. मेलेल्या माणसाविषयी असं बोलू नये हे मलाही कळतं. पण त्याला शहाणा म्हटलं तर पुढची सगळी हकीकत खोटी ठरेल, आणि त्याच्या बाबतीत खोटं बोलणारे आधीच पुष्कळ झाले. त्यात माझी भर नको.

माझं कुडाळला हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकडी, उसळपाव, भजी आणि चहा. समोर सरकारी रेस्ट हाऊस. जिल्हा नवीन झाला तेव्हा आरटीओचं काम तिथेच चालायचं. महिन्यातून एकदा साहेब यायचे, व्हरांड्यात टेबल मांडलं जायचं आणि गाड्यांची रांग माझ्या दारापर्यंत लागायची. त्याला सगळे कॅम्प म्हणत. लायसन, पासिंग, गाडी विकली की कागदावरचं नाव बदलणं, सगळं त्या एका टेबलावर. त्या दिवशी माझा चहा पाण्यासारखा खपायचा, त्यामुळे कॅम्पची माहिती मला गाडीवाल्यांपेक्षा जास्त.

विठोबा मालवणच्या बाजूचा, दर्यावरच्या घराण्यातला. पण होडीत पाय ठेवला की ओकायचा. बापाने मारून पाहिलं, आईने नवस केले, काही उपयोग झाला नाही. शेवटी घरातून पळून रेडीला गेला आणि मँगनीज-लोखंडाच्या खाणीतल्या डंपरवर क्लीनर म्हणून लागला. तिथे स्टिअरिंग शिकला. जमिनीवर त्याला कसलीच भीती नव्हती. पुढे बँकेचं कर्ज काढून त्याने मॅटाडोर घेतली, कर्ज फेडलं, आणि गावातली मासळी बर्फात घालून आंबोलीच्या घाटातून बेळगावला न्यायला लागला. इतकी वर्षं घाट चढला-उतरला, पण गाडीला साधा ओरखडा नाही. आंबोलीच्या नाक्यावरचे पोलीससुद्धा त्याची गाडी उघडून बघत नसत, हात करून सोडून देत. जाता-येता माझ्याकडे चहाला थांबायचा. मला ‘परशा’ म्हणायचा. माझ्या बापानंतर मला असं हक्काने हाक मारणारा तोच एक.

मग त्याचे डोळे जायला लागले. काचबिंदू. एका संध्याकाळी समोरून येणाऱ्या एसटीचा त्याला एकच दिवा दिसला. त्याने गाडी तिथेच बाजूला उभी केली, किल्ली खिशात टाकली आणि चालत घरी गेला. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. हे मात्र शहाणपणाचं केलं, ते नाकारत नाही.

गाडी घेतली त्याच्याच गावच्या भिकाजीशेठने. गावाचं नाव मी सांगत नाही, देवाचंही नाही, त्यांचा काय गुन्हा? भिकाजीचा बर्फाचा कारखाना होता, आणि तो देवळातला मानकरी. कपाळाला गंध, गळ्यात माळ, बोलणं इतकं गोड की मधुमेह व्हावा. पैसे त्याने तिथल्या तिथे दिले, त्यात खोट नाही. राहिलं फक्त नाव बदलायचं.

मी विठोबाला म्हटलं, “पुढच्या कॅम्पाक दोघांनी येवा. सही कर आणि मोकळो हो.”

“येतंव रे,” तो म्हणाला.

आले नाहीत. त्याच्या पुढच्या कॅम्पलाही आले नाहीत. एकदा विठोबा हिराचा, म्हणजे बायकोचा, हात धरून कुडाळच्या डॉक्टरकडे आला होता, तेव्हा मी विचारलं. तर हा गृहस्थ हसतोय!

“अरे परशा, शेठनी देवाक कौल लावल्यानी. नाव बदलू काय म्हणान. डावो पडलो.”

आमच्याकडे देवाच्या पाषाणाला दोन बाजूंना ओले तांदूळ चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात. उजवीकडचे पडले तर देवाचा होकार, डावीकडचे पडले तर नकार. लग्न ठरवायचं, विहीर खणायची, कोर्टात जायचं, सगळं असंच विचारून. पण आरटीओच्या कागदाबद्दल देवाला विचारणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

“देव काय आरटीओत कामाक आसा?” मी ओरडलोच.

“तसा नाय रे. गाडीक माझा नाव लाभता. इतक्या वर्षांत एक अपघात नाय. देवान सांगल्यान, नाव तसाच ऱ्हवांदे.” आणि हे सांगताना त्याची छाती अशी फुगलेली, जणू सरकारने सोन्याचा बिल्ला दिलाय. बाजूला हिरा उभी होती. पदराने तिने त्याच्या डोळ्यातलं पाणी पुसलं.

मला वाटलं होतं भिकाजी लबाड आहे. टॅक्सची नोटीस आली तर विठोबाच्या दारात, उद्या कुणी गाडीखाली आला तर कोर्टाचा माणूस विठोबाच्या दारात, आणि मासळीचा फायदा शेठच्या गल्ल्यात. पण नाही. पहिल्या वेळी तो खरोखरच देवभोळेपणाने देवाकडे गेला होता. लबाड असता तर मला इतका राग आला नसता. लबाडाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं.

गावाला मात्र चांगलाच खेळ मिळाला. विठोबा पूर्ण आंधळा झाला, पडवीत बसून राहू लागला. समोरून त्याचीच मॅटाडोर धूळ उडवत जायची आणि तिठ्यावरची टवाळ मंडळी ओरडायची, “मालक, गाडी इली तुमची! हिशेब घेवा!” तोही हात वर करून हसायचा. आवाजावरून ओळखायचा ना! कुठला गिअर नीट पडत नाही तेही सांगायचा. लोक पोट धरून हसायचे. माणसाला हसायला दुसऱ्याचं काय काय लागतं, कोण जाणे.

घर हिराच्या टोपलीवर चालत होतं. ती दारोदार मासळी विकायची. पोरबाळ नव्हतं. एका सकाळी बंदरावरच्या ओल्या पायऱ्यांवरून ती टोपलीसकट घसरली आणि कंबरेचं हाड मोडलं. कुडाळच्या हॉस्पिटलात न्यायला हवी होती. मॅटाडोर तिथेच, बंदरावर मासळी भरत उभी! विठोबा काठी टेकत गाडीपर्यंत गेला. गाडीवर ड्रायव्हर होता देवळातल्या गुरवाचा मुलगा. तो म्हणाला, “शेठाक इचारूक व्हया. माल खराब जाता.” आणि गाडी निघून गेली. हिराला चौघांनी चादरीत उचलून एसटीत घातलं. कंडक्टरने शेवटच्या सीटवर आडवी केली. हे मला कंडक्टरनेच सांगितलं. तोही सांगताना शिव्या देत होता.

हाड कसंबसं जुळलं, पण पुन्हा टोपली उचलायची सोय राहिली नाही. घरात कमावणारं कोणी नाही, नवरा आंधळा, बायको लंगडी. तेव्हा सरकारने निराधारांना महिन्याला थोडे पैसे द्यायची योजना काढली होती. आंधळ्या-पांगळ्यांना, ज्यांच्या नावावर काही नाही अशांना. मीच अर्ज लिहून दिला. वाटलं, दोघांच्या भाताची तरी सोय होईल.

चौकशीला तलाठी त्यांच्या पडवीत आला. माणूस वाईट नव्हता. शुद्ध भाषेत विचारलं, “बाबा, तुमच्या नावावर काय काय आहे?”

आणि आमचा विठोबा, देवाशप्पथ, ताठ बसून म्हणतो, “मॅटाडोर आसा.”

आवशीक खाव! कोणी विचारलं होतं तुला? राहत्या झोपडीचं सांग, अंगणातल्या एका माडाचं सांग. मॅटाडोर! तलाठ्याला आधी वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मग त्याने शेजाऱ्यांना विचारलं. शेजारी म्हणाले, व्हय, कागदावर तेचीच. तिथे कुणाला म्हणता आलं नाही की गाडी विकून जमाना झाला. शेठचं नाव घ्यायचं कुणी? अर्ध्या गावाची मासळी शेठच्या बर्फावर.

तलाठ्याने लिहिलं ते योग्यच लिहिलं. चारचाकी वाहनाचा मालक निराधार कसा? अर्ज नामंजूर.

त्यानंतर विठोबाच्या डोक्यात उजेड पडला. भिकाजीच्या ओसरीवर जाऊन म्हणाला, “शेठ, माझा नाव काढा. उपाशी मरतंव आमी.”

भिकाजीने हात जोडले. जोडणारच. “माझ्या हातात असता तर आजच काढलंय असतंय, विठोबा. पण देवान ना म्हटलेला. मी देवाच्या वरते जावचंय नाय.”

“मगे देवाक परत इचारुया.”

याला मात्र भिकाजीला नाही म्हणता येईना. माणसाची परिस्थिती बदलली तर देवाला पुन्हा विचारता येतं, अशी रीत आहे. सोमवारचा दिवस ठरला. विठोबाने मला निरोप धाडला, “परशा, माझे डोळे म्हणान ये.” मी हॉटेल बंद करून गेलो.

देवळात सगळे जमलेले. मानकरी पुढे, बाकीचे मागे, बायका खांबांपलीकडे. हिरा काठी टेकून उभी होती. विठोबाला मी पुढे नेऊन उभा केला. गुरवाने पाषाणाला तांदूळ लावले आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो विठोबा तुझ्या दारात इलोसा. गाडीवरचा तेचा नाव काढूची परवानगी आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले.

भिकाजी हात जोडून, डोळे गच्च मिटून उभा होता. ओठ हलत होते. मी पाषाणावरून नजर काढली नाही. आणि उजवीकडचे तांदूळ सुटले. दोन-तीन दाणे नाही, सगळेच्या सगळे सरकले आणि खाली पडले. डावीकडचे जागच्या जागी.

गुरवाने ते पाहिले. त्याने मान वळवून भिकाजीकडे पाहिलं. भिकाजीचे डोळे मिटलेलेच. गुरवाचा मुलगा त्या मॅटाडोरवर ड्रायव्हर, हे मी सांगितलंच. गुरवाने हात फिरवून पाषाण पुसून घेतला आणि म्हणाला, “डावो पडलो, म्हाराजा.”

“खोटा!” मी ओरडलो. “उजवो पडलो! माझ्या डोळ्यांनी बघलंय!”

“उजवोच पडलो!” खांबांपलीकडून हिरा ओरडली. “मेल्यांनो, देवाच्या दारात खोटा बोलतास? जिबो झडतीत तुमच्यो!”

एक म्हातारा मानकरी माझ्याकडे वळला. “तू खंयचो?”

“पिंगुळीचो.”

“मगे आमच्या देवाच्या कामात तुका बोलूचो मान नाय. बायकांका तर नायच नाय.”

मागे उभे होते त्यांतल्या प्रत्येकाने ते दाणे पडताना पाहिले होते. एकेकाच्या तोंडाकडे मी बघत गेलो. कुणी छताकडे बघतोय, कुणी उपरण्याची गाठ सोडून पुन्हा बांधतोय. थू! आता भिकाजीने डोळे उघडले. “काय पडलो?” त्याने विचारलं. गुरवाने सांगितलं. भिकाजीने मोठा श्वास सोडला आणि कानांना हात लावले. न पाहता मिळालेला नकार त्याला पुरेसा होता.

मी विठोबाच्या दंडाला धरून हलवलं. “अरे, तू माका डोळे म्हणान हाडलंस मां? उजवो पडलो, विठोबा! ह्या सगळ्यांका सांग, माझो परशावर इस्वास आसा म्हणान सांग!”

त्याने तोंड हिराच्या आवाजाच्या दिशेने वळवलं. मला वाटलं, आता बोलेल. निदान जिच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं तिच्यासाठी तरी बोलेल.

“गप रव गो,” तो म्हणाला. “देवाक खोटो पाडू नको. गुरवाच्या तोंडान देवच बोलता. परशा हॉटेलवालो, तेका काय कळता?”

कुणीतरी हसलं. मी त्याचा दंड सोडला. हो, मला राग भिकाजीचा येतोच, गुरवाचाही येतो. पण खरं सांगू? सगळ्यात जास्त या आंधळ्याचा येतो. उपास त्याने स्वतः पदरात घेतला, आणि तिच्याही पदरात घातला. मी तसाच बस पकडून कुडाळला आलो.

त्यानंतरची दीड-दोन वर्षं ती दोघं कशी जगली ते विचारू नका. कधी मी तांदूळ पाठवायचो, कधी शेजारी पेज द्यायचे, कधी कुणी काही द्यायचं नाही. भिकाजी सणाला नारळ आणि गूळ पाठवायचा. गावभर त्याचं नाव झालं, किती दानधर्म करतो म्हणून. विठोबा सुकत सुकत गेला आणि एका पहाटे झोपेतच आटपला. शेवटपर्यंत गाडीचा आवाज आला की मान वर करायचा, असं हिरा सांगते. मेला!

आता गंमत ऐका. विठोबा मेला त्याच दिवशी ड्रायव्हरने किल्ली भिकाजीपुढे टाकली. “मेलेल्याच्या नावाची गाडी मी घाटात घालूचंय नाय.” भिकाजीलाही ते पटलं. जिवंत माणसाचं नाव लाभतं, मेलेल्याचं ओढून नेतं. आता कौल नको, गाऱ्हाणं नको, देव नको. आता फक्त कॅम्प कधी आहे ते पाहिजे होतं! कॅम्प होता सुतकातच, बाराव्याच्या आधी. पंचायतीतून मरणाचा दाखला आणायला भिकाजी स्वतः धावला. हिरा वारस, तिचा अंगठा हवा होता.

अंगठा देऊ नको, असं तिला सांगायला माझी जीभ वळवळत होती. मॅटाडोर उभी राहू दे, गंजू दे, भिकाजी नाक घासत येऊ दे. पण हिरा माझ्यापेक्षा हुशार निघाली. “नवऱ्याचा नाव ऱ्हवला तर वारस म्हणान गाडी माझी,” तिने निरोप पाठवला. “मगे तलाठी माकाव निराधार म्हणाचो नाय.” सूड घ्यायलाही पोटात अन्न लागतं. तिच्याकडे तेवढंही नव्हतं.

कॅम्पच्या सकाळी मॅटाडोर माझ्या हॉटेलसमोर येऊन थांबली. पुढे ड्रायव्हर आणि भिकाजी. वर देवाचा फोटो, त्याला ताजा हार. हिरा कुठे दिसेना. ड्रायव्हरने मागचं फाळकं खाली पाडलं. आत, मासळीच्या रिकाम्या खोक्यांमध्ये, ती बसली होती. अंगाला बर्फाचं घाणेरडं पाणी लागलेलं, मोडकी कंबर एका हाताने धरलेली. सुतकातलं माणूस देवाच्या फोटोपुढे बसवायचं नाही, म्हणून मागे. मालवणच्या रस्त्यावरचे सगळे खड्डे तिने त्या कंबरेवर घेतले होते. मी भिकाजीला आईवरून शिवी दिली. तो शांतपणे म्हणाला, “शास्त्र आसा, परशुराम.”

मी तिला उचलून उतरवलं. रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात तिला साहेबांच्या टेबलासमोर खुर्ची दिली. साहेब तरुण होता, परगावचा. दाखला बघितला, गाडीचं पुस्तक बघितलं, हिराला विचारलं, “आजी, तुमची हरकत नाही ना?”

तिने मान हलवली. अंगठा शाईवर दाबला, कागदावर दाबला. साहेबाने शिक्का मारला. दुसऱ्या कागदावर पुन्हा अंगठा, पुन्हा शिक्का. पुस्तकात काहीतरी लिहिलं आणि ते भिकाजीच्या हातात दिलं. रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.

हिरा उठली नाही. “झाला?” तिने विचारलं.

“झालं, आजी.”

“इतक्याच होता?”

“इतकंच. तुमचे यजमान असताना दोघं मिळून आले असते, तर याहून सोपं होतं. एकच कागद लागला असता.”

हिरा बराच वेळ त्या साहेबाकडे बघत राहिली. त्याला बिचाऱ्याला कळेना, आपण काय वाईट बोललो.

बाहेर भिकाजी घाईत होता. नव्या नावाची गाडी तशीच देवळात नेऊन नारळ फोडायचा होता. “हिरा, तू एसटीन ये गो. आता गाडी देवाकडे जाता, तिका सुतक नको,” असं म्हणून तो पुढे चढला आणि मॅटाडोर निघून गेली. तिला तिकिटाचंही विचारलं नाही.

तिला मी बाकड्यावर बसवली. चहा दिला. तिने घेतला नाही. बोटाची शाई लुगड्याला पुसत बसली होती. मग म्हणाली, “परशा, साहेबान दोन बारी शिक्को कित्याक मारल्यान?”

मी सांगितलं. मेलेल्या माणसाकडून गाडी सरळ भिकाजीकडे जात नाही. आधी वारस म्हणून तिच्या नावावर होते, मग तिच्याकडून त्याच्या नावावर.

“म्हणजे मधी माझी होती?”

“व्हय. पयल्या शिक्क्यापासून दुसऱ्या शिक्क्यापर्यंत तुझीच.”

तिने बोट पुसायचं थांबवलं. माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिचं काहीतरी चोरलं होतं.

“मेल्या, तेव्हाच सांगूचा मां,” ती म्हणाली. “जरा पुढे जावन बसलंय असतंय.”